औषध चाचण्या आणि नोंदींची शिस्त

नवे औषध किंवा नवी लस आली की तिच्याविषयीची बातमी बहुधा एका टक्केवारीने सुरू होते. अमुक लस चौपन्न टक्के परिणामकारक ठरली, असे आपण वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. ही टक्केवारी कशावरून निघाली, ज्या कागदांवरून ती निघाली ते कोणी लिहिले, कोणी तपासले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. प्रयोगशाळेतील संशोधकाचे नाव आपल्याला ठाऊक असते, औषध देणारा डॉक्टर समोर दिसतो. या दोघांच्या मधे मात्र माणसांचा एक मोठा वर्ग उभा असतो, तो रुग्णांच्या नोंदी गोळा करतो, त्या पडताळून पाहतो, दुरुस्त करवून घेतो आणि अखेर गणितज्ञाच्या हवाली करतो. या कामाला डेटा मॅनेजमेंट असे नाव आहे. मराठीत आपण त्याला नोंदींचे व्यवस्थापन म्हणू. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने आकड्यांशी त्याचे फारसे सख्य नाही. तरीही हा विषय समजून घेताना असे आढळले की, यात गणितापेक्षा सचोटी आणि चिकाटी यांचाच भाग मोठा आहे.

एकशे सत्तेचाळीस आजारपणे

छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे उभ्या महाराष्ट्राला परिचित असलेले वढू बुद्रुक हे पुणे जिल्ह्यातील गाव आरोग्य संशोधनाच्या क्षेत्रातही ओळखले जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने येथे आपले काम उभे केले असून परिसरातील २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची पद्धतशीर नोंद २००२ पासून ठेवली जाते. रोटाव्हायरस या विषाणूमुळे तान्ह्या मुलांना होणाऱ्या तीव्र अतिसारावर भारतात विकसित झालेल्या लसीची मोठी चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांपैकी हे एक. इतर दोन म्हणजे दिल्ली आणि वेल्लोर. या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

चाचणीत एकूण ६,७९९ बालके होती. त्यांपैकी ४,५३२ बालकांना लस देण्यात आली आणि २,२६७ बालकांना लसीसारखेच दिसणारे परंतु औषधी गुण नसलेले द्रव्य, म्हणजे प्लासिबो, देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे आईबापांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. पुढे काय घडले हे पाहताना एक माप वापरले जाते. एक बालक एक वर्षभर देखरेखीखाली राहिले म्हणजे एक बालक-वर्ष झाले. लस मिळालेल्या गटात ४,७५२ बालक-वर्षांत रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसाराचे ७१ प्रसंग नोंदले गेले. दुसऱ्या गटात २,३६० बालक-वर्षांत असे ७६ प्रसंग झाले. म्हणजे दर हजार बालक-वर्षांमागे एकीकडे सुमारे १५ आणि दुसरीकडे सुमारे ३२. या दोन आकड्यांच्या तुलनेतून ५३.६ टक्के ही परिणामकारकता निघाली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पावणेसात हजार बालके, तीन शहरांच्या परिसरांतील शेकडो कार्यकर्ते, आणि निकाल ठरला तो अवघ्या १४७ आजारपणांवरून! लसीच्या गटातील केवळ १५ प्रसंग नोंदवहीत यायचे राहून गेले असते, तर हीच परिणामकारकता ६३ टक्क्यांवर गेली असती आणि लस होती त्यापेक्षा चांगली भासली असती. उलट बाजूची चूक झाली असती, तर एका उपयुक्त लसीला कदाचित मागे बसावे लागले असते. ही लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने देण्यात आली. त्या निर्णयाचा पाया या नोंदी होत्या.

आता तीव्र अतिसार म्हणजे नेमके काय, हे कोणी ठरवावे? आईला प्रत्येक आजार तीव्रच वाटतो. म्हणून यासाठी वेसिकारी या नावाची गुणपद्धती वापरली जाते. जुलाब किती दिवस चालले, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा झाले, उलट्या किती दिवस आणि किती वेळा, ताप किती चढला, शरीरातील पाणी किती कमी झाले आणि कोणते उपचार करावे लागले, अशा सात बाबींना गुण देऊन वीसपैकी बेरीज केली जाते. बेरीज ११ किंवा त्याहून अधिक आली तरच तो आजार तीव्र समजतात. जुलाब दिवसातून ४ किंवा ५ वेळा झाले तर २ गुण, ६ किंवा अधिक वेळा झाले तर ३. तेव्हा घाईघाईने लिहिलेला ५ कोणी ६ असा वाचला, तर दहा गुणांचे बालक अकरा गुणांचे होते आणि त्या १४७ मध्ये एकाची भर पडते. आपल्याकडे या अडचणीला आणखी एक पदर आहे. हाताने लिहिलेला देवनागरीतील १ हा रोमन लिपीतील नवाच्या आकड्यासारखा दिसतो. घरी दिलेल्या कार्डावर आईने मराठीत लिहायचे आणि कार्यालयात ते संगणकावर इंग्रजीत भरायचे, अशा ठिकाणी एका बोटभर रेषेवर एकाचे नऊ होऊ शकतात.

कोरा रकाना

या कामाची सुरुवात पहिला रुग्ण येण्याच्या कितीतरी आधी होते. चाचणीचा एक लिखित आराखडा असतो. कोणाला घ्यावयाचे, काय मोजायचे, केव्हा मोजायचे हे सर्व त्यात ठरलेले असते. त्या आराखड्यावरून प्रत्येक रुग्णासाठी एक नोंदपत्रक तयार केले जाते. पूर्वी ते कागदी असे, आता बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर असते. पत्रक तयार करणे हे सोपे काम आहे असे वाटते खरे. परंतु आपल्या शासकीय अर्जांचा अनुभव असलेल्या कोणालाही ते तसे वाटणार नाही. अर्जातील प्रश्न संदिग्ध असेल तर उत्तरही संदिग्धच येणार.

एक साधे उदाहरण पाहू. पत्रकात 'ताप' असा एक रकाना आहे आणि तो कोरा राहिला आहे. याचा अर्थ ताप आला नाही असा घ्यावयाचा, की ताप मोजला नाही असा, की मोजला परंतु लिहावयाचे राहिले असा? तिन्ही अर्थ शक्य आहेत आणि तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत. कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे, ही या शास्त्रातील पहिली शिकवण आहे. म्हणूनच चांगल्या पत्रकात 'मोजला काय?' हा प्रश्न आधी आणि 'किती?' हा नंतर विचारला जातो. तापमान कोणत्या अंशांत, वजन ग्रॅममध्ये की किलोग्रॅममध्ये, तारीख लिहिताना दिवस आधी की महिना आधी, हेही पत्रकावर छापलेले असते. भारतात ३-४ म्हणजे तीन एप्रिल, अमेरिकेत तोच चार मार्च होतो. अनेक देशांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचणीत म्हणून महिन्याचे नाव अक्षरांतच लिहावयाची प्रथा आहे.

रकाना कोरा राहण्याचे आणखी एक कारण म्हणजे माणसेच निघून जाणे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब, बाळंतपणासाठी माहेरी गेलेली आई, नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेलेला बाप यांच्या मुलांची पुढची नोंद होत नाही. ती मुले बरी आहेत असे गृहीत धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. कोण केव्हा आणि का गेला हीदेखील एक नोंदच असते आणि निष्कर्षांबरोबर ती जाहीर करावी लागते.

काही घटनांची नोंद मुळातच होत नाही, त्याचे काय? यावर गडचिरोलीत एक उत्तम उपाय योजण्यात आला होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत तेथे अजमावून पाहिली. ही औषधाची चाचणी नसून ३९ गावांत नवी पद्धत आणि ४७ गावांत प्रचलित व्यवस्था अशी गावांची तुलना होती. गावातील आरोग्य कार्यकर्ता जन्म-मृत्यू नोंदवीत असे. शिवाय दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक घरोघर जाऊन स्वतंत्रपणे तीच माहिती गोळा करीत. दोन नोंदी ताडून पाहिल्या की कोठे काय सुटले ते कळते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर नव्या पद्धतीच्या गावांत हजारी २५.५ आणि इतर गावांत ५९.६ असा आढळला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांवर जगाचा विश्वास बसला याचे बरेचसे श्रेय या दुहेरी नोंदीला दिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विचारणा आणि फेरफार

भरलेले पत्रक आले की त्याची छाननी सुरू होते. तपासणीचे काही नियम संगणकात आधीच घालून ठेवलेले असतात. सहा महिन्यांच्या बालकाचे वजन ८२ किलो असू शकत नाही. पुरुष रुग्णापुढे गरोदरपणाची चाचणी लिहिलेली असू शकत नाही. घरी सोडल्याची तारीख दाखल झाल्याच्या तारखेच्या आधीची असू शकत नाही. असे काही आढळले की संबंधित रुग्णालयाकडे एक विचारणा पाठवली जाते. तिच्या भाषेविषयी कडक संकेत आहे. 'वजन ८.२ असावे ना?' असे विचारता येत नाही, कारण त्यात उत्तर सुचवलेले असते आणि कामाच्या रगाड्यात असलेला माणूस सहज 'होय' म्हणून मोकळा होतो. 'वजन ८२ किलो लिहिले आहे, मूळ कागद पाहून खात्री करून कळवावे', एवढेच लिहावयाचे. आकडा कितीही अशक्य दिसला तरी तपासणाऱ्याने तो स्वतः बदलायचा नाही. अंतिम शब्द मूळ कागदाचा, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळ त्या क्षणी लिहिलेल्या केसपेपरचा.

दुरुस्ती कशी करावी, हे समजावयाला ग्रामीण वाचकांना परक्या उदाहरणाची गरज नाही. सातबाराच्या उताऱ्यावरील नाव तलाठी खोडून टाकीत नाही. जुन्या नावाला कंस होतो, नवे नाव चढते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. त्या क्रमांकावरून फेरफार नोंदवहीत गेले की कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने बदल केला ते कळते. औषध चाचणीतील नोंदींचीही नेमकी हीच रीत आहे. कागदावर चूक झाली तर ती एका रेघेने अशी काटायची की खालचे अक्षर वाचता यावे. शेजारी योग्य आकडा, सही, तारीख आणि गरज तेथे कारण. पांढरी शाई लावणे हा गंभीर दोष मानतात. संगणकात हा फेरफाराचा इतिहास आपोआप साठतो आणि तो कोणालाही पुसता येऊ नये अशी व्यवस्था करावी लागते.

एका दुखण्याची अनेक नावे

चाचणीत रुग्णाला होणारा प्रत्येक त्रास लिहिला जातो, मग तो औषधाने झालेला असो वा नसो. एक डॉक्टर 'डोके दुखणे' लिहितो, दुसरा 'अर्धशिशी', तिसरा 'मस्तकशूळ'. प्रत्येक शब्द वेगळा मोजला तर प्रत्येकापुढे एक-दोनच रुग्ण दिसतील आणि औषध निरुपद्रवी भासेल. यासाठी एक आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रह वापरून प्रत्येक नोंदीला ठरावीक संज्ञा दिली जाते, जेणेकरून सारखी दुखणी एका ठिकाणी येतात.

हे कारकुनी काम नव्हे, हे रोटाव्हायरसच्याच इतिहासावरून दिसते. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये या रोगावरील पहिल्या लसीला परवाना मिळाला. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकणे हा एक दुर्मीळ आणि प्राणघातक ठरू शकणारा प्रकार आहे. परवान्यापूर्वीच्या चाचण्यांत लस मिळालेल्या १०,०५४ बालकांत असे ५ आणि लस न मिळालेल्या ४,६३३ बालकांत १ प्रकरण नोंदले गेले होते. एवढ्या लहान आकड्यांवरून ठाम काही म्हणता येत नव्हते. परंतु नोंद होती, म्हणून लक्ष राहिले. लस सर्वत्र सुरू झाल्यावर तशीच प्रकरणे येऊ लागली तेव्हा संबंध ओळखता आला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये ती लस मागे घेण्यात आली. त्यानंतरच्या प्रत्येक रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत, अर्थातच भारतीय लसीच्याही, या एका दुखण्यावर विशेष नजर ठेवण्यात आली.

सर्व विचारणांची उत्तरे आली, सर्व संज्ञा ठरल्या की नोंदसंचाला कुलूप घातले जाते. हा केवळ शब्दप्रयोग नाही. त्या क्षणानंतर लेखी मंजुरीवाचून एकही आकडा बदलता येत नाही. आणि कोणत्या रुग्णाला औषध, कोणाला प्लासिबो, याचे गुपित त्यानंतरच उघडले जाते. क्रम उलटा असता तर, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी, आपल्या बाजूने जाणारा आकडा त्याला सहज पटला असता आणि विरुद्ध जाणाऱ्या आकड्याबद्दल मात्र त्याने विचारणा पाठवली असती. चाचणी चालू असताना गटवार आकडे पाहण्याचा अधिकार सहसा एका स्वतंत्र देखरेख मंडळालाच असतो. अपाय होत असल्याचे दिसले तर चाचणी थांबवण्याची शिफारस हे मंडळ करू शकते.

नोंद नसली तर

थॅलिडोमाइड या औषधाची कथा अनेकांनी ऐकलेली असेल. गरोदरपणी ते घेतलेल्या मातांची हजारो मुले युरोपात आणि इतरत्र विकलांग जन्मली. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याअभावी त्याला परवाना नाकारला, हेही प्रसिद्ध आहे. कमी ठाऊक आहे ते पुढचे. परवाना नसतानाही 'तपासणीसाठी' म्हणून अमेरिकेतील बाराशेहून अधिक डॉक्टरांना या गोळ्या वाटण्यात आल्या होत्या आणि सुमारे वीस हजार रुग्णांना त्या मिळाल्या होत्या. धोका उघड झाल्यावर शासनाचे निरीक्षक १९६२ मध्ये दारोदार फिरले, तेव्हा अनेक डॉक्टरांकडे किती गोळ्या आल्या आणि कोणाला दिल्या याचा कागदच नव्हता. ज्या स्त्रीच्या घरात ती बाटली असेल तिला सावध करावयाचे, तर तिचा पत्ता कोणापाशी? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने औषध कायदा कडक केला.

खोट्या नोंदीचे उदाहरण शोधावयाला दूर जावे लागत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. हैदराबाद येथील एका संस्थेत झालेल्या औषध तुलनेच्या अभ्यासांत हृदयाच्या आलेखांमध्ये फेरफार केल्याचे फ्रान्सच्या निरीक्षकांना आढळले. एकाच व्यक्तीचे आलेख निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे लावले गेल्याचा संशय होता. परिणामी २०१५ मध्ये युरोपीय संघाने त्या अभ्यासांवर आधारलेल्या सुमारे ७०० औषध प्रकारांच्या विक्रीवर स्थगितीची शिफारस केली. ती औषधे अपायकारक असल्याचा पुरावा नव्हता. परंतु आलेखच खोटे असतील तर औषध चांगले असल्याचा पुरावा तरी कोठे उरतो? काही तंत्रज्ञांनी वाचवलेले श्रम भारतीय औषध उद्योगाच्या नावलौकिकाला महाग पडले.

कायदा आणि नागरिक

भारतात आज या चाचण्या नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ यांनुसार होतात. गंभीर प्रतिकूल घटना घडल्यास प्रमुख संशोधक डॉक्टरने २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना अधिकारी, चाचणीचे प्रायोजक आणि नीतिविषयक समिती यांना कळवणे बंधनकारक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू केली आणि जून २००९ पासून औषध चाचणीची तेथे आगाऊ नोंदणी करणे सक्तीचे झाले. यामागील हेतू विचार करण्यासारखा आहे. काय मोजणार हे आधीच जगजाहीर केले की, निकाल मनासारखा न आल्यास सोयीचे दुसरेच काही मोजून दाखवण्याची वाट बंद होते.

नोंदसंचात रुग्णाचे नाव जात नाही, क्रमांक जातो. नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी यादी रुग्णालयाच्या कपाटात कुलपाखाली राहते. मुंबई, पुणे येथे देशविदेशांतील चाचण्यांच्या नोंदी हाताळणाऱ्या अनेक संस्था आहेत आणि औषधनिर्माण, जीवशास्त्र, संख्याशास्त्र या विषयांचे शेकडो मराठी तरुण-तरुणी तेथे काम करतात. अमेरिकेतील एखाद्या रुग्णाच्या रक्तदाबाविषयीची विचारणा पुण्याहून जाते. तो रुग्ण कोण, हे त्यांना कधीही कळत नाही आणि कळू नये.

चाचणीत सहभागी होण्यास कोणी विचारले, तर संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, मागावे. ते वाचून दाखवण्यास सांगावे, मनातील शंका विचाराव्यात आणि त्याची एक प्रत घरी आणावी. केव्हाही चाचणी सोडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, त्यासाठी कारण सांगण्याची सक्ती नाही आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. घरी लिहावयाचे कार्ड मिळाले असेल तर ते त्या त्या दिवशी भरावे. रुग्णालयात जाण्याच्या आदल्या रात्री आठ दिवसांचा ताप आठवून लिहिण्यापेक्षा, राहून गेलेल्या दिवसापुढे 'मोजला नाही' असे लिहिलेले अधिक चालते. त्यासाठी कोणी रागावणार नाही; रागावल्यास संमतिपत्रावर नीतिविषयक समितीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो.